औषधाचे कवच आणि धर्माचे शास्त्र

कल्याणहून येणारा, मुंब्र्याहून येणारा, पनवेलीस जाणारा व महाप्याकडे उतरणारा असे रस्ते जेथे एकत्र मिळतात त्या शीळफाट्यावर मनुष्याने हौसेने थांबावे असे काही नाही. मालमोटारींचा अखंड घरघराट, धुळीचे लोट आणि बसची वाट पाहणारी माणसे एवढेच तेथील दृश्य. तथापि गेल्या श्रावणात आम्हांस तेथे तास-पाऊण तास थांबावे लागले, आणि तेवढ्या वेळात जे ऐकावयास मिळाले ते आमच्या वाचकांच्या विचारासाठी पुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आम्लपित्तावरचे आमचे नेहमीचे औषध संपले होते, म्हणून फाट्यावरील एका औषधांच्या दुकानात आम्ही शिरलो. आमच्या पुढे उभे असलेले एक गृहस्थ दुकानदारास हळू आवाजात विचारीत होते, “ह्या कॅप्सूलचे वरचे कवच कशाचे असते हो?” वेळ गर्दीची होती. दुकानदार त्रासून म्हणाला, “डॉक्टरांनी लिहून दिले आहे ना? घ्यायचे तर घ्या.” गृहस्थांनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात घातली आणि ते मागे वळले. वळताच त्यांनी आम्हांस ओळखले. “गुरुजी, तुम्ही इथे कसे?” पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात बसणारा तो कौशाचा मुलगा, घराणे कोकणी मुसलमानांचे, घरची भाषा मराठीच. आता स्वतःच्या दोन मालमोटारी बाळगून आहे.

चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या त्याने सारी हकीकत सांगितली. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांस हृदयविकाराचा झटका आला व रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. रक्त गोठू नये म्हणून दोन औषधे व चरबी कमी करणारे तिसरे अशी तिन्ही औषधे एकाच कॅप्सूलमध्ये मिळत होती. नातवाने एके दिवशी मोबाइलवर आलेला मजकूर आजोबांस वाचून दाखविला की कॅप्सूलचे कवच डुकराच्या कातड्यापासून करतात. म्हाताऱ्याने त्या क्षणी औषध बंद केले. आज सहावा दिवस होता.

“अरे, मग डॉक्टरांना विचारलेस का?” आम्ही म्हणालो.

“लाज वाटली, गुरुजी. हसतील, अडाणी म्हणतील, असे वाटले. मशिदीतल्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, तीन गोष्टी विचारून ये. हे औषध घेतल्यावाचून चालण्यासारखे आहे का? त्याच गुणाचे, पण ज्यात असे काही नाही, असे दुसरे मिळते का? आणि हे जो सांगतो त्याला त्यातले खरोखर कळते का? उत्तरे आण, मग मी सांगतो. म्हणून दुकानात आलो, तर हे असे.”

मौलानांनी विचारलेले हे तीन प्रश्न आमच्या मनात घर करून राहिले. आम्ही वैद्य नव्हे आणि मुफ्तीही नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेले मास्तर. परंतु धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळण्याची सवय असल्यामुळे, शेजाऱ्याच्या शास्त्रात ह्या विषयी काय सांगितले आहे ते पाहावे असे मनाने घेतले. आणि जे दिसले त्याने आमचे पुष्कळसे गैरसमज दूर झाले.

मेलेल्या जनावराचे मांस, रक्त व डुकराचे मांस ह्यांचा निषेध कुराणात एकाहून अधिक ठिकाणी आला आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु दुसऱ्या अध्यायात जेथे हा निषेध सांगितला आहे, तेथेच लगोलग त्याचा अपवादही सांगितला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जो निरुपायाने बांधला गेला, ज्याला त्या वस्तूची लालसा नाही व जो गरजेची मर्यादा ओलांडीत नाही, त्यास दोष नाही, असा त्या वचनाचा आशय आहे. निषेध आणि अपवाद एकाच श्वासात यावेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ह्या वचनाच्या आधाराने पुढील शास्त्रकारांनी दोन सूत्रे सिद्ध केली. निकड निर्माण झाली की निषिद्ध ते तेवढ्यापुरते मोकळे होते, हे पहिले. आणि ती मोकळीक निकडीच्या मापानेच मोजावयाची, हे दुसरे. तुर्की सुलतानांच्या राज्यात १८७६ साली पुऱ्या झालेल्या ‘मजल्ला’ नावाच्या कायद्याच्या संहितेत ही दोन्ही सूत्रे एकापुढे एक कलमे म्हणून घातलेली आहेत. ह्या निकडीस अरबीत जो शब्द आहे तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन आपला ‘जरूर’ झाला. आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो तो शब्द दुसऱ्या एका समाजाच्या धर्मशास्त्राचा आधारस्तंभ आहे, हे जाणून आम्हांस मोठी मौज वाटली.

आता औषधाविषयी. पैगंबरांच्या चरित्रातील जी वृत्ते परंपरेने प्रमाण मानली जातात त्यांत दोन्ही बाजूंची वृत्ते आहेत. एका मनुष्याने दारूचा औषध म्हणून उपयोग करण्याविषयी विचारले असता, ती औषध नव्हे तर रोगच होय, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळाले. उलट, मदिनेत येऊन आजारी पडलेल्या काही लोकांस उंटिणीच्या दुधाबरोबर उंटाचे मूत्रही पिण्यास सांगितले होते. पुरुषांस रेशीम व सोने वर्ज्य. तरी अंगास खाज सुटलेल्या दोघा सोबत्यांस रेशमी वस्त्र वापरण्याची मुभा मिळाली. अर्फजा नावाच्या गृहस्थाचे नाक एका लढाईत कापले गेले होते. त्याने चांदीचे नाक बसविले, ते सडू लागले, तेव्हा त्यास सोन्याचे नाक बसविण्यास सांगण्यात आले. अशा वृत्तांचा मेळ घालण्यात शास्त्रकारांची शतके गेली. उंटाच्या मूत्राच्या एका प्रश्नावर खुद्द इमाम अबू हनीफा व त्यांचे दोन पट्टशिष्य अशा तिघांची तीन मते झाली. अबू हनीफांनी ते औषधासही वर्ज्य मानले, अबू यूसुफांनी औषधापुरते चालविले आणि मुहंमद ह्यांनी ते मुळात अशुद्धच मानले नाही. आपल्याकडील मिताक्षरा आणि दायभाग ह्यांचा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांस ह्याचे नवल वाटू नये.

आपल्या प्रदेशापुरते बोलावयाचे तर दोन परंपरा महत्त्वाच्या. उत्तरेकडून येऊन मुंब्र्यास वस्ती केलेल्यांपैकी बहुसंख्य सुन्नी कुटुंबे हनफी परंपरेची. तर कल्याण, भिवंडी व खाली रत्नागिरीपर्यंत पसरलेले कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. माहीमला ज्यांचा दर्गा आहे व ज्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले ते मखदूम अली माहिमी, मृत्यू १४३१, हेही शाफईच. ह्या दोन परंपरांतला भेद आपल्या प्रश्नास नेमका लागू पडतो. अशुद्ध वस्तूचे स्वरूप मुळातून पालटले तर तिची अशुद्धी जाते की राहते? ह्या पालटास ‘इस्तिहाला’ म्हणतात. दारूचा आपोआप शिरका झाला तर तो शुद्ध, हे सर्वांस मान्य. मिठाच्या खाणीत पडून गाढवाचे मीठ झाले तर ते मीठच मानावे, येथवर हनफी जातात. शाफई मात्र शिरका, कमावलेले कातडे अशा मोजक्या गोष्टींपलीकडे हे तत्त्व ताणू देत नाहीत. परंतु औषधाच्या निकडीचा प्रश्न आला की तेच शाफई हात सैल सोडतात. तेराव्या शतकातील त्यांचे थोर आचार्य नववी म्हणतात की शुद्ध औषध मिळत नसेल आणि जाणत्या, विश्वासू वैद्याने सांगितले असेल तर निव्वळ दारूखेरीज अन्य अशुद्ध द्रव्यानेही उपचार करता येतो. हनफींमध्ये जुने मत कडक होते. पण १८३६ साली वारलेल्या दमास्कसच्या इब्न आबिदीनांच्या ग्रंथात, ज्यात गुण आहे असे कळले आहे व ज्याला पर्याय नाही ते औषध घेण्यास आधार सापडतो. वाटा दोन, पण मुक्काम जवळजवळ एकच. आणि त्या मुक्कामावर पुन्हा तेच तीन प्रश्न: निकड आहे का, पर्याय आहे का, सांगणारा जाणता आहे का?

हे वाचीत असता आम्हांस छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. गारपिटीने कुरुदेश उजाड झाला असता भुकेने व्याकूळ झालेल्या ह्या ब्राह्मणाने एका माहुताचे उष्टे कडधान्य मागून खाल्ले. मग माहुताने पाणी पुढे केले, तर ते त्याने उष्टे म्हणून नाकारले. धान्यावाचून जीव वाचला नसता. पाणी मात्र कोठेही मिळण्यासारखे होते. निकडीच्या मापाने मोकळीक मोजणे म्हणजे काय, हे ह्याहून थोडक्यात कोणी सांगितलेले आमच्या वाचनात नाही. आपण ज्यास आपद्धर्म म्हणतो तो शेजाऱ्याच्या घरातही आहे. भेद निषिद्ध वस्तूंच्या यादीत आहे, विचाराच्या रीतीत नाही.

मग अडचण कोठे येते? ती येते आजच्या औषधांच्या घडणीत. काढ्यात काय घातले ते आजीला दिसत असे. कॅप्सूलमध्ये काय आहे ते कोणासच दिसत नाही. कवच बहुधा जिलेटिनचे असते. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे व कातडी ह्यांवर प्रक्रिया करून काढलेला चिकट पदार्थ. ते गुरांचे असते, म्हशींचे असते, डुकरांचे असते, क्वचित माशांचेही असते. म्हणजे मुसलमान गृहस्थास डुकराची शंका, आणि गुरांचे असले तरी ते जनावर विधिपूर्वक कापले होते की नाही ही दुसरी शंका. आपणांस गाईची शंका. जैनास तर कोणत्याही प्रकाराची. वनस्पतीच्या तंतूंपासून केलेली कवचेही आज निघतात, पण वरून पाहून भेद कळत नाही. खोकल्याच्या कित्येक औषधांत मद्यार्क असतो. रक्त गोठू न देणारे हेपारिन नावाचे टोचावयाचे औषध मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. ह्या सर्वांवर आधुनिक परिषदांत खल झाला आहे. १९८६ साली अम्मान येथे भरलेल्या जागतिक इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत मद्यार्कयुक्त औषध, पर्याय नसल्यास व विश्वासू वैद्याने सांगितल्यास, घेण्यास मुभा दिली. पण डुकराचे जिलेटिन अन्नात चालणार नाही असे ठरविले. १९९५ साली कुवेतच्या इस्लामी वैद्यक संघटनेने जमविलेल्या विद्वानांनी मात्र, जिलेटिनमध्ये मूळ द्रव्य पालटून जाते म्हणून ते शुद्ध, असे मत दिले. मतभेद अद्याप आहेत, आणि श्रद्धाळू मनुष्य आपल्या गुरूस विचारून वागतो.

मोकळीक निकडीपुरतीच, ह्या सूत्राचे उत्तम उदाहरण इन्सुलिनचे. १९२१ साली टोरोंटोस बँटिंग व बेस्ट ह्यांनी ते शोधल्यापासून साठ वर्षे ते गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांपासून काढीत. मधुमेही मुसलमानाने ते घ्यावे की नाही ह्याचे उत्तर ‘निकड म्हणून घ्यावे’ असे होते. १९८२ साली जंतूंकरवी तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. आपल्याकडे वोक्हार्ट कंपनीने औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तसले इन्सुलिन तयार करून २००३ साली विक्रीस आणले. जेथे असा पर्याय हाताशी आला तेथे निकड सरली आणि तिच्याबरोबर मोकळीकही सरली. विज्ञान पुढे गेले म्हणजे धर्मशास्त्राचा निर्णयही पालटतो, तो असा.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा हाफकिन साहेबांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. जंतू वाढविण्यास मांसाचा रस लागे. गाईचे मांस घ्यावे तर हिंदू बिथरतील, डुकराचे घ्यावे तर मुसलमान. १८५७ च्या काडतुसांची आठवण तेव्हा फार जुनी नव्हती. हाफकिनांनी बकऱ्याचे मांस वापरले. तिसरे आगाखान ह्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला ह्या कामास दिला आणि अनुयायांची भीती मोडावी म्हणून स्वतः सर्वांदेखत लस टोचून घेतली. औषध करणाऱ्याने श्रद्धेची बूज राखली आणि श्रद्धेच्या पुढाऱ्याने औषधाची. दोघांनी आपापले काम केले, म्हणून पुष्कळांचे प्राण वाचले.

ह्याच्या उलट घडले ते २०१८ साली, आणि त्याचाही धागा आमच्या पुण्यास जाऊन मिळतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेली गोवर-रुबेलाची लस इंडोनेशिया सरकार मुलांस टोचीत होते. मोहीम सुरू झाल्यावर प्रश्न निघाला की ही लस हलाल आहे काय? तेथील उलेमा परिषदेने त्या ऑगस्टात निर्णय दिला, तो असा: लस तयार करताना डुकरापासूनचे द्रव्य वापरले आहे, म्हणून ती मुळात हराम, तथापि आज निकड आहे, दुसरी हलाल लस उपलब्ध नाही, आणि न टोचल्यास काय धोका आहे ते जाणत्या तज्ज्ञांनी सांगितले आहे, म्हणून तूर्त ती टोचण्यास मुभा आहे, हलाल लस मिळाली की मुभा संपली. वाचकहो, ही तीन कारणे म्हणजे कौशाच्या मौलानांचेच तीन प्रश्न नव्हेत काय? निर्णय शास्त्रशुद्ध होता. पण तो उशिरा आला. लोकांच्या कानी ‘हराम’ हा एकच शब्द पोहोचला, ‘मुभा’ पोहोचली नाही. आचे प्रांतात तर अगदी थोड्याच मुलांस लस मिळाली. गोवर मात्र कोणाच्या निर्णयासाठी थांबत नाही.

कोरोनाच्या काळात आपल्या येथेही हाच खेळ झाला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईच्या रझा अकादमीने लशीतील द्रव्यांविषयी प्रश्न उपस्थित केला. त्याच महिन्यात संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने, लशीत डुकराचे जिलेटिन असले तरी पर्याय नसता ती घेण्यास हरकत नाही, असे सांगितले. कोविशील्डच्या जाहीर केलेल्या घटकद्रव्यांत जिलेटिन मुळी नव्हतेच. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांस, मुस्लिम वस्त्यांतील संकोच घालविण्यासाठी सिनेनट सलमान खान ह्यांची मदत घेऊ, असे म्हणावे लागले. ह्यावरून शेजाऱ्यास हसण्याची कोणास इच्छा होईल, त्याने जून २०२१ आठवावा. कोव्हॅक्सिनमध्ये वासराच्या रक्ताचा द्रव आहे, ही वार्ता तेव्हा आपल्याच घरांतून फिरत होती. तो द्रव केवळ पेशी वाढविण्यापुरता वापरतात, नंतर धुऊन काढतात व तयार लशीत तो नसतो, असा खुलासा सरकारास करावा लागला.

आमच्या स्वतःच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या मोठ्या काकू वयाची ऐंशी ओलांडलेल्या, सोवळे कडक. पोटात जळजळ होते म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. महिना झाला, दोन झाले, गुण नाही. औषध बदलले, तरी नाही. शेवटी धाकट्या सुनेच्या दृष्टीस पडले की काकू दररोज कॅप्सूल उघडतात, कवच केरात टाकतात आणि आतले दाणे खलात बारीक घोटून मधातून घेतात! त्या दाण्यांवर आम्लापासून राखणारा लेप असतो. तो घोटला गेला की औषध पोटातच नासते. “कातड्याचे मेले तोंडात कशी घालू?” एवढेच काकू म्हणाल्या. दोन महिने त्या बाईंनी दुखणे सोसले, पण घरात कोणास सांगितले नाही. आणि घरातल्या चौदा माणसांपैकी आम्हां एकासही विचारावेसे वाटले नाही.

खरा दोष आहे तो येथे. निषेधात नव्हे, आणि औषधातही नव्हे, मौनात. रोगी संकोचाने बोलत नाही, वैद्य घाईने विचारीत नाही, विक्रेता त्रासून उत्तर देत नाही आणि पुडीवर लिहिलेले नसते. अन्नाच्या पुड्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, औषधावर नसतो. तो असावा म्हणून एका गृहस्थाने दिल्लीच्या उच्च न्यायालयात दाद मागितली होती. २००२ साली न्यायालयाने जीवरक्षक औषधे वगळून अन्य औषधांवर व प्रसाधनांवर तशी खूण असावी असा निर्णय दिला. परंतु असा नियम करण्याचा आदेश न्यायालयाने देणे योग्य नव्हे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो रद्द केला. जीवरक्षक औषध मनुष्याने केवळ खूण पाहून टाकू नये, ही भीती खोटी नाही. पण खूण नसताना मोबाइलवरचा मजकूर वाचून तो टाकतोच, हे आम्ही शीळफाट्यावर डोळ्यांनी पाहिले. विश्वासू वैद्याचा शब्द प्रमाण, असे ज्या शास्त्राने सांगितले त्याने वैद्यावर सत्य सांगण्याचे ओझेही घातले आहे. आणि जो विचारीतच नाही, त्यास शास्त्राने उघडे ठेवलेले दार दिसणार कसे?

त्या दिवशी टपरीवरून आम्ही आमच्या विद्यार्थ्यास तेथल्या तेथे डॉक्टरांस फोन लावावयास सांगितला. तो काही वेळ घुटमळला. मग त्याने लावला. सहा दिवस औषध बंद आहे हे ऐकताच पलीकडचा आवाज एकदम चढला. जाळी बसवून दोनच महिने झालेल्या माणसाने हे औषध एक दिवसही चुकविणे म्हणजे जीवाशी खेळ. जाळीत गुठळी झाली तर वेळ मिळणार नाही. मग डॉक्टर थांबले व शांतपणे म्हणाले, “कवचाचीच अडचण आहे ना? मग आधी का नाही सांगितलेत? तिन्ही औषधे साध्या गोळ्यांत निराळी मिळतात. आत्ता लिहून पाठवतो, आणि आज रात्रीच सुरू करा.” इतकेच होते! निकड होती, पर्याय होता, सांगणारा जाणता होता. तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाच मिनिटांत मिळाली, आणि त्यांवाचून एक म्हातारा सहा दिवस मृत्यूच्या उंबऱ्यावर बसला होता.

गोळ्या त्याने त्याच दुकानातून घेतल्या. आमची बस आली तेव्हा तो मौलानांस फोन करीत होता. आम्ही घरी पोहोचल्यावर प्रथम काकूंच्या खोलीत गेलो आणि विचारले, “काकू, तुमची दुसरी औषधे कोणती, ती एकदा मला सारी दाखवता का?” त्यांनी उशीखालची पिशवी काढून पुढे केली. वाचकांनीही आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस आज एवढाच प्रश्न विचारावा, ही आमची विनंती आहे.